कोरी रेघ

"हे काय आहे? सांगा ना! निदान मान तरी हलवा!"

तिने शब्दकोश नवऱ्याच्या नाकापर्यंत नेला. पानावर किटली होती. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या त्या जाडजूड शब्दकोशातलं एकूण एक चित्र त्याच्याच हातचं. पण तो ना किटलीकडे बघत होता, ना बायकोकडे.

डोक्यात रक्तस्राव झाला आणि त्याची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं तर गेलंच आहे, ओळख किती उरली ते घरच्यांनीच बघायचं. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. बोलू नका, पण मला ओळखा, एवढंच तिचं मागणं. छत्री दाखवून झाली, शिडी झाली, शिवणयंत्र झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती शब्दकोश मांडीवर टाकून खुर्चीतच हुंदके देऊ लागली.

लेकीला काय सुचलं कोण जाणे, तिने वडिलांच्या हातात कागद-पेन्सिल दिली. हात मात्र काही विसरला नव्हता. बघता बघता कागदावर खोली उतरली. खाट, खिडकी, पाण्याचा पेला, आणि मधोमध खुर्चीत बायको. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, अगदी हुबेहूब. मग शब्दकोशाच्या सवयीने त्याने प्रत्येकाला एकेक बाण काढला, बाणाच्या टोकाला रेघ मारली, आणि रेघांवर वेडीवाकडी अक्षरं उमटली. खाट. खिडकी. पेला.

"आई, बाबा लिहितायत! आणि तुला बघ किती छान काढलंय! ओळखलं गं त्यांनी तुला!" लेक एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

ती धडपडत उठली, कागदावर वाकली. तिच्या चित्रालाही बाण होता, रेघ होती. रेघेवर काहीच नव्हतं. आणि त्याने पेन्सिल खाली ठेवली होती.

कोऱ्या रेघेचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. शब्दकोशाच्या कामासाठी तो गॅरेजमध्ये, छापखान्यात, कुठे कुठे जाऊन बसायचा आणि समोर दिसेल ते काढायचा. माहितीतल्या वस्तूचं नाव स्वतः लिहायचा. जी वस्तू त्याआधी जन्मात कधी पाहिलेली नसायची, तिची रेघ कोरी सोडायचा, कुणा जाणकाराने भरावी म्हणून.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता, अगदी अदबीने.

"हो गं, ओळखलं," ती लेकीला म्हणाली. मग तिने पेन्सिल उचलली आणि कोऱ्या रेघेवर लिहिलं, 'बायको'.