उभ्या रेघांचा टॉप

"श्वास आत घे," तारामावशी म्हणाल्या.

रागिणीने श्वास आत घेतला. आरशातलं पोट थोडं मागे सरकलं. गडद निळा टॉप खांद्यापासून सरळ खाली पडला. त्यावर पांढऱ्या उभ्या रेघा होत्या. डोळा रेघेबरोबर चालतो. रेघ आडवी असली की तो माणसाची रुंदी मोजत जातो, उभी असली की उंची.

अमरावतीचं हे दुकान नवरा-बायको मिळून चालवत. डावीकडे बायकांचे टॉप मावशींकडे, उजवीकडे पुरुषांचे शर्ट शेखरकाकांकडे. मध्ये भिंत नव्हती. इतकी वर्षं एकमेकांचं बोलणं ऐकून दोघं एकच बोलायला लागले होते.

दारात चप्पल काढणाऱ्या बाईकडे पाहूनच मावशी तिचा टॉप ठरवत. खांदे रुंद असले तर टोकदार गळा आणि साधी बाही. कमरेखाली अंग भरलेलं असलं तर वर फिकट, खाली गडद. काडीसारखी पोरगी आली तर चुण्या आणि झालर. आणि पोट पुढे असलं तर छातीखालून सैल सुटणारा कपडा, गडद रंग, उभ्या रेघा. रागिणी या शेवटच्या प्रकारात होती.

ती वरूडला पहिलीच्या वर्गाला शिकवायची. रोज सकाळी मुलांना डोळे मिटायला लावून ती म्हणायची, "श्वास आत, श्वास बाहेर." आत धरून ठेवायला तिने कोणालाच शिकवलं नव्हतं. आरशासमोर तिने श्वास सोडला.

"किती वेळ धरायचा, मावशी?"

"चहा होईपर्यंत. चहा आला का पाहुणे पोह्याच्या बशीत पाह्यतात. पोरगीकडे नाई पाहत."

"आन लग्नानंतर?"

"लग्नानंतर कोण पाह्यते?"

रागिणीच्या आईने, पार्बताबाईंनी, टॉप बांधायला सांगितला. "साडीत सारं झाकलं असतं," त्या लेकीला येताना म्हणाल्या होत्या, तेच आता पुन्हा म्हणाल्या. पण साडी नको, साधंच राहू द्या, असा मुलाकडून निरोप होता.

आधीच्या स्थळांनी मुलगी चांगली आहे असं कळवलं होतं आणि त्यापुढे 'पण' लावला होता. तेव्हा रागिणीला विशेष काही वाटलं नव्हतं. या वेळी वाटत होतं. शुभमचं परतवाड्याला बियाण्यांचं दुकान होतं, आणि फोनवर तो थांबतच नसे. एकदा त्याने तिच्या वर्गातल्या मुलांच्या डब्यांत काय काय असतं ते विचारून घेतलं, आणि आपण कोणाचा डबा पळवला असता तेही सांगितलं. रागिणी त्या रात्री अंथरुणात हसत होती. तिने त्याला फोटो पाठवला होता, तो गळ्यापर्यंतचा. त्याचाही तेवढाच आला होता.

रविवारी पाहुणे आले. रागिणी श्वास आत घेऊनच बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. समोरच्या दिवाणावर शुभम आईवडिलांच्या मध्ये ताठ बसला होता. मांडीवर त्याने उशी घेतली होती.

आतून पार्बताबाईंचा आवाज आला. "अवो, सिलिंडर सरलं!"

"आत्ताच सरायचं होतं याले," किसनराव म्हणाले. ते रागिणीचे वडील. आयुष्यभर संत्र्याच्या बाजारात न डगमगता सौदे केलेला माणूस, पण आता घामाघूम झाला.

चहा लांबला.

"रस्त्यात ऊन होतं?" रागिणीने विचारलं. एका श्वासात एवढंच बसत होतं.

"हो," शुभम म्हणाला.

"गर्दी?"

"नाही."

"अरे, बोल ना," त्याची आई म्हणाली. मग रागिणीकडे वळून म्हणाली, "घरी याचं तोंड बंद होत नाई. आज काय झालं याले, काय मालूम."

काय झालं ते रागिणीला कळलं. फोनवर न थांबणारा माणूस समोर आल्यावर हो-नाहीवर येतो, तेव्हा त्याला जे पाहायचं होतं ते पाहून झालेलं असतं. 'पण' आता वाटेतच होता. उद्या फोन येईल, मुलगी चांगली आहे म्हणतील.

किसनराव शेजाऱ्यांचं सिलिंडर आणायला निघाले. "चला, मीबी हात लावतो," म्हणत शुभमचे वडील मागे गेले. त्याची आई पार्बताबाईंना धीर द्यायला आत गेली. खोलीत दोघंच उरले.

आता धरून काय उपयोग, असं रागिणीला वाटलं. तिने श्वास सोडला. पोट आपल्या जागी आलं. टॉपवरच्या रेघा वाकल्या.

मग तिने, आता शेवटचं म्हणून, शुभमकडे नीट पाहिलं. तो तिच्याकडे पाहतच नव्हता. त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खिळली होती. चेहरा लाल झाला होता. कानही. उशी घसरून खाली पडली होती आणि तो ती उचलायला वाकत नव्हता. त्याच्या अंगात गडद निळा शर्ट होता. त्यावर पांढऱ्या उभ्या रेघा होत्या.

वर्गात एखादं मूल असं बसलेलं दिसलं की रागिणी ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात ती बोलली.

"श्वास बाहेर."

शुभमने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"चहा झाला काय?" त्याने विचारलं.