चौऱ्याण्णवाव्या पानावरचं गेट

वायोमिंगमधल्या आमच्या काउंटीच्या वाचनालयात या महिन्याचं पुस्तक होतं एका खेडवळ शेरीफची, म्हणजे काउंटीने निवडून दिलेल्या पोलीसप्रमुखाची, खूनकथा. एका मेंढपाळाचा खून होतो, शेरीफ बर्फ तुडवत जातो आणि खुनी शोधून काढतो. सोळा जणांनी ते वाचलं आणि सोळाच्या सोळा भडकले, ते चौऱ्याण्णवाव्या पानावर.

"हा शेरीफ कुरणात शिरताना बंद गेट उघडतो आणि उघडंच टाकून पुढे जातो मेला!" वर्ला टॉलिव्हरने टेबलावर हात आपटला. "गेट जसं दिसलं तसं ठेवायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं."

"लेखक शहरी दिसतोय," तिचा नवरा ड्वेन खिदळला. "गाय कुठून दूध देते तेही ठाऊक नसेल बेट्याला."

"त्यापेक्षा आपला शेरीफ बरा. उगाच नाही तिसऱ्यांदा निवडून दिला!" वर्ला म्हणाली.

मेलेल्या मेंढपाळाचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. मलाही आठवत नव्हतं.

कोपऱ्यातल्या इग्नासियाने पुस्तक मिटलं. तिचा भाऊ पेरूहून टॉलिव्हरांची मेंढरं राखायला आला होता. गेल्या हिवाळ्यात कुरणातच गोठून मेला.

"खरंय, वर्लाबाई," ती म्हणाली. "आपला शेरीफ रीत पाळणारा. भावाचा पत्ता नाही म्हणून मी त्याला तुमच्या कुरणापर्यंत घेऊन गेले. भाऊ तेव्हा आत जिवंत होता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. पण शेरीफने तिथूनच गाडी माघारी वळवली. गेट बंद दिसलं होतं, त्याने बंदच ठेवलं."