पहिल्याच हिसक्याला

पुतुलिकच्या स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीची, इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ यायची. कडाक्याच्या थंडीत जुनं तेल घट्ट व्हायचं आणि इंजिन हूं की चूं करायचं नाही. अखेर बायकोचं ऐकून त्याने सिंथेटिक तेल घातलं. गाडी पहिल्याच हिसक्याला सुरू झाली आणि हा पराक्रम त्याने लगोलग गावच्या रेडिओवर फोन करून जाहीर केला.

तासाभरात मेहुणा लुकासी दारात हजर. "दाजी, सीलच्या शिकारीला निघालोय आणि माझी गाडी सुरूच होईना."

मागणाऱ्याला नाही म्हणायची गावात रीत नाही. लुकासीनंतर चुलतभाऊ आला, मग पाद्री, मग पुन्हा लुकासी.

"बर्फाखालचं जाळं कधी काढणार? मासे सडतील," बायको म्हणाली.

"गाडी आली की."

"म्हणजे उन्हाळ्यात."

शेवटी पुतुलिक पायीच निघाला. अर्ध्या वाटेत त्याचीच गाडी भरधाव येऊन शेजारी थांबली.


"एवढ्या थंडीत पायी कुठे, दाजी? बसा मागे, जाळ्यापर्यंत सोडतो," लुकासी म्हणाला. "परतीचं मात्र तुमचं तुम्ही बघा."