दोर धरणारा

दगडी भिंत चढताना डॉक्टरांच्या हातातला दगड मुळासकट निघून आला. त्यांनी तो मागे टाकला आणि “दगड!” म्हणून हाक दिली.

खाली लिफ्टवाला आधीच एक पाऊल बाजूला झाला होता. तो क्षणापूर्वी उभा होता तिथेच दगड आपटून फुटला. डॉक्टरांच्या कमरेला बांधलेला दोर मात्र त्याच्या हातात होता तसाच राहिला. डॉक्टरांनी मनातल्या मनात त्याला एक गुण दिला.

डॉक्टर दातांचे. दगडसुद्धा ते दातासारखाच तपासत. आधी बोटाच्या पेराने वाजवायचा. टणक वाजला तर धरायचा, पोकळ डबडब वाजला तर हात जोडून पुढे जायचं.

लिफ्टवाला हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीशी लग्न करणार होता. मुलगी त्याला घरी जेवायला घेऊन आली, तेव्हा डॉक्टर होही म्हणाले नव्हते आणि नाहीही. एकदा माझ्याबरोबर दगडावर येऊ दे, मग बघू, एवढंच म्हणाले होते. मुलीने कपाळाला हात लावला होता.

कारण वडिलांची रीत तिला ठाऊक होती. भक्कम कड्यावर कुणीही दोर धरतं. माणूस पारखायचा तर त्याला कुजक्या दगडावर न्यायचं, त्याच्या हातात दोर द्यायचा, वर चढायचं आणि न सांगता हात सोडायचा. तरुणपणी डॉक्टरांनी असाच हात सोडला होता. खाली दोर धरून उभी असलेली तरुणी फरफटत जाऊन भिंतीवर आपटली, पण दोर काही तिने सोडला नाही. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. तो हात मुद्दाम सोडला होता, हे डॉक्टरांनी बायकोला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ती गेल्यापासून ते एकटेच चढायला यायचे. मुलगी भांडायची, रडायची, गाडीची किल्ली लपवायची. मग डॉक्टर बसने यायचे.

आजची जागा म्हणजे बंद पडलेल्या खाणीची मागची भिंत. ज्यांना दगड कळतो ते इथे फिरकत नाहीत आणि ज्यांना कळत नाही त्यांना ही जागा माहीत नाही. येताना गाडीत डॉक्टरच बोलत होते. लेक हल्ली घरी फिरकत नाही, फोनही दोन वाक्यांत आटपते, लग्नाच्या गडबडीत असेल, असं ते म्हणाले. लिफ्टवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला, “असेल.”

भिंतीखाली पोहोचल्यावर मात्र त्याने तोंड उघडलं. कुणीतरी कधीकाळी ठोकलेले गंजके खिळे त्याने खालूनच निरखले.

“काका, हे खिळे मला बरे वाटत नाहीत. दुसरीकडे कुठे गेलो तर?”

“बरे वाटायला ते काय पेशंट आहेत?” डॉक्टर म्हणाले. घाबरतो. अर्धा गुण कापला.

आता एकेका खिळ्यात दोर अडकवत ते तिसऱ्या खिळ्याच्या वर आले होते. तिथून थोडं उजवीकडे भिंत सपाट होती, खाली काही टोचणारं नव्हतं. हात सोडायची जागा त्यांनी कालच हेरून ठेवली होती. तिथवर पोहोचायचं, एक श्वास घ्यायचा आणि सोडायचा.

एक खोबण. वाजवली. टणक. धरली.

दुसरी. वाजवली. टणक. धरली.

तिसरी. डबडब.

चौथी हाताला लागेना.

तिसरीच धरावी का?

हाताची बोटं जड झाली होती. खालून लिफ्टवाल्याचा आवाज आला, अगदी शांत, जणू शेजारीच उभा असावा. “काका, खाली उतरा. माझं ऐका.”

डॉक्टरांनी ऐकलं नाही. त्यांनी डावा पाय उचलून वरच्या खोबणीत ठेवला, आणि पायाखालची खोबणच भुगा होऊन गेली.

हे पडणं ठरलेलं नव्हतं.

तिसरा खिळा किडक्या दातासारखा उपटून आला. दुसरा वाकला आणि सुटला. आभाळ, भिंत, पुन्हा आभाळ. जमीन भराभर वर येऊ लागली. आपण लेकीला आज काहीच सांगून आलो नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मग पहिला खिळा टिकला, कमरेला हिसका बसला आणि सगळं थांबलं.

जमिनीपासून हातभर वर ते लोंबकळत होते. मातीचा धुरळा बसला तेव्हा त्यांना लिफ्टवाला दिसला. सैल दोर खेचून घेण्यासाठी तो मागे पळत सुटला होता आणि काटेरी झुडपात पाठीवर पडला होता. खांद्यावरचा शर्ट फाटला होता, तळहाताची साल निघाली होती. त्या तळहातात दोर अजून घट्ट होता.

त्याने त्यांना हळूच खाली टेकवलं. दोर सोडवला, पाण्याची बाटली दिली, कुठे लागलं ते विचारलं. डॉक्टरांनी बाटली धरली, पण तोंडाला लावायची विसरले. सगळं आयुष्य दुसऱ्यांना ‘आ करा’ म्हणण्यात गेलं, आणि आज स्वतःचंच तोंड उघडं पडलं होतं. मग त्यांना हसू आलं. हात आपण मुद्दाम सोडणारच होतो, दगडाने घाई केली, असं त्यांनी कबूल केलं. लिफ्टवाला रागावला नाही. तो तळहाताला रुमाल गुंडाळत राहिला.

डॉक्टर त्याच्या शेजारी मातीत सरकून बसले. बायको गेल्यापासून इतकं हलकं त्यांना वाटलं नव्हतं.

“पास झालास,” ते म्हणाले. “तुझ्या घरच्यांना रविवारी पाठव. तारीख काढून टाकू.”

लिफ्टवाल्याने दाताने रुमालाची गाठ आवळली.

“काका, आमचं मोडलं. महिन्यापूर्वीच नाही म्हणाली ती. तुमचा फोन आला तेव्हा सांगणारच होतो. पण मग तुम्ही इथे एकटेच आला असता.”