प्रेरणाच्या सोबतीला

पोरीची सायकल चितेवर ठेवू नका, असं क्रियाकर्माला आलेल्या महाराजांनी दोनदा सांगून पाहिलं. टायर जळले की काळा धूर थेट गावात शिरेल, म्हणाले. नंदलालनं ऐकून घेतलं आणि मुलाला, ओमेशला, सांगितलं, सायकल वरच ठेव.

दवनीवाड्याबाहेर नदीच्या रेतीत भावकीतली माणसं उभी होती. चितेवर देह नव्हता. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला प्रेरणाचा पिवळा कुर्ता घातला होता. देह हाती नसला की असंच करतात. पुतळ्याभोवती तिच्या साड्या, चपला, आरसा, कॉलेजची पुस्तकं रचली होती. नर्सिंगचं प्रमाणपत्र नंदलालनं स्वतःच्या हातानं पुतळ्याच्या छातीवर ठेवलं.

हिरालाल म्हणजे नंदलालचा चुलतभाऊ. गोंदियात त्याचं धान्याचं दुकान. निरोप मिळाला तसा तो मोटारसायकलवर निघून आला होता. त्यानं नंदलालला बाजूला घेतलं.

"बॉडी नहीं मिली क्या?"

"नाही."

"आणि पुलिस?"

"येऊन गेले. सज्ञान होती, आपल्या पायानं गेली, असं लिहून नेलं."

हिरालालनं नदीकडे पाहिलं. मग नंदलालच्या खांद्यावर हात ठेवला. नंदलालनं तो झटकला.

त्याचा राग सगळ्यांना दिसत होता. पोरीला त्यानं लाडात वाढवलं होतं. गोंदियात शिकायला ठेवली, तेव्हा भावकीनं नावं ठेवली, तरी तो बधला नव्हता. आता त्याला तिचं नावही सहन होत नव्हतं. सकाळपासून तो घरातल्या एकेका खोलीत शिरत होता आणि तिचं जे सापडेल ते अंगणात फेकत होता. शेवटी उशीची खोळसुद्धा काढली. मेलेल्याची वस्तू घरात राहिली की मेलेलं माणूस परत येतं, एवढंच तो म्हणत होता.

वस्तू संपल्या तेव्हा त्याला बकरी आठवली.

ती बकरी प्रेरणानं वाढवलेली. पिलू असताना तिची माय मेली, तेव्हा प्रेरणानंच तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. प्रेरणा सुट्टीत घरी आली की बकरी तिच्या मागं मागं फिरायची, आणि एरवी तिच्याच खोलीच्या दाराशी बसायची. नंदलालनं ओमेशला घरी पाठवून ती आणवली. तिला चितेजवळच कापायचं आणि प्रेरणाच्या सोबतीला द्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

महाराज मागं सरले. असं कोणत्याच शास्त्रात नाही, म्हणाले.

"तुमच्या शास्त्रात नसन. माह्या घरात आहे," नंदलाल म्हणाला.

ओमेशनं दोरी धरली होती. बापापुढं तो कधी बोललाच नव्हता. नंदलाल सुरी काढत होता, तेवढ्यात माणसं बाजूला झाली.

प्रेरणाची आई, सावित्रीबाई, आली होती. बाईमाणसानं घाटावर यायचं नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तीन पोरांतलं एक लहानपणीच गेलं, तेव्हाही ती घरातच बसून राहिली होती. आज ती डोक्यावरचा पदर खाली पडलेला तसाच ठेवून, अनवाणी, तापलेल्या रेतीतून चालत आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याकडे तिनं असं सरळ कधीच पाहिलं नव्हतं.

"सोड तिले," ती ओमेशला म्हणाली.

ओमेशनं दोरी सोडून दिली. बकरी रेतीतून पळाली.

"घरी जाय," नंदलाल म्हणाला.

"तुम्हीच मारलं माह्या पोरीले."

घाटावर कोणी हललं नाही. नंदलाल नाही म्हणेल, ओरडेल, निदान हात उगारेल, असं हिरालालला वाटलं होतं.

"हो," नंदलाल म्हणाला. "मीच मारलं."

त्यानं सुरी टाकली, पेटती काडी घेतली आणि चितेला लावली. कुर्ता पेटला, पुस्तकं पेटली. टायरांचा धूर महाराजांनी सांगितल्यासारखाच गावाकडे निघाला.

सावित्रीबाई ते सगळं पाहत उभी राहिली. प्रमाणपत्र वळून काळं झालं, तेव्हा तिनं पदर कमरेला खोचला.

"सोबत द्याचीच होती नं तिले? मंग मी जातो."

बायका गावातून धावत आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं तिचा हात धरला, दुसरीनं कमरेला मिठी मारली. पोरीच्या मागं आई जाते की काय, म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सावित्रीबाईनं एकेकीचे हात शांतपणे सोडवले. हिरालाल घाबरून नंदलालला म्हणाला, भाभीला अडव.

नंदलाल जागचा हलला नाही. "गेली तं तिच्याही नावानं आंघोळ करीन," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आत्ताच करा. नदी समोरच आहे," सावित्रीबाई म्हणाली.

ती नदीकडे गेली नाही. ती धुरातून वर चढली, सडकेवर आली आणि गोंदियाच्या गाडीत बसली. ओमेश सडकेपर्यंत मागं आला होता. त्यानं आपल्या चपला काढून खिडकीतून तिच्या हातात दिल्या आणि तोंड फिरवलं.

गोंदियाहून तिनं दुसरी बस धरली आणि ऊन कलता कलता सडक अर्जुनीला उतरली. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. एका ढाब्यावर तिनं राजदीप कम्पाउंडरचं घर विचारलं. ढाबेवाल्यानं बुद्धविहाराच्या पलीकडचं निळ्या दाराचं घर दाखवलं आणि तुम्ही त्याच्या कोण, असं विचारलं. सावित्रीबाई तोवर चालू लागली होती. पायात मुलाच्या मोठ्या चपला फरपटत ती तिथवर गेली, पदर नीट केला आणि कडी वाजवली.

आतून पावलं आली, आणि हातात नवा हिरवा चुडा भरलेल्या प्रेरणानं दार उघडलं.