साहेबांना झेपेल असा स्विंग

"साहेब, गुरुवारी तुम्ही याच्या कमरेला हातबी लावला नही आन कागद बाजूला सारला!"

कोकिळा जाळीबाहेरून ओरडली. आत, शहाद्याच्या एका जिनिंगवाल्याने हौसेने केलेल्या गोल्फच्या हिरवळीवर, दिव्यांग दाखल्यावर सही करणारे डॉक्टरसाहेब काठी धरून उभे होते. रविवार होता. शेजारच्या केळीच्या बागेत पाण्याची मोटार चालू होती.

"दवाखान्यात या," साहेब म्हणाले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"चार गुरुवार आलो. दाखल्याबिगर आश्रमशाळावाले दिव्यांगाच्या जागेवर चौकीदारी देत नही. मंगळवारी विसरवाडीहून ऊसतोडीचा ट्रक निघस. दाखला नही तर याले त्यात बसनं पडी."

तिचा नवरा जामसिंग टोपी हातात घेऊन उभा होता. गुजरातेत सोळा हंगाम ऊस तोडून त्याची कंबर लाकूड झाली होती.

साहेबांना मात्र स्वतःच्या कमरेची काळजी. मोबाइलवर बघून त्यांनी मोठ्या खेळाडूंचा, कमरेला पूर्ण पीळ देऊन काठी फिरवायचा स्विंग उचलला होता आणि कंबर धरल्याने दोन महिने पट्टा बांधून बसले होते. आता सुरतेहून आलेला धीरज त्यांना शिकवत होता.

"एमनी वात जुदी, साहेब, त्या मोठ्या खेळाडूंची गोष्ट वेगळी. त्यांचं पोट चालतं त्याच्यावर. आपण रविवारचे खेळाडू. आपल्या शरीराला झेपेल तोच स्विंग घ्यायचा."

"पण कंबर वळवलीच नाही तर चेंडू जाणार कसा?"

धीरजने जाळीकडे पाहिलं. "ओ काका, कंबर वळत नाही, मग ऊस कसा तोडता? दाखवा जरा."

साहेबांनी आत बोलावलं. चार गुरुवार गेल्यावर त्यांनी जामसिंगकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हा. जामसिंग चपला बाहेर काढून हिरवळीवर आला.

त्याने दाखवलं. डावी टाच उचलायची. कमरेला पीळ द्यायचाच नाही, पायावर अख्खं अंग फिरवायचं. हात छातीच्या वर न्यायचे नाहीत. धीरजने स्वतःची काठी त्याच्या हातात दिली आणि पुढे चेंडू ठेवला. साहेब बघत होते. काम चांगलं केलं की साहेब खूश होतात, एवढंच जामसिंग आयुष्यभर शिकला होता. त्याने होता नव्हता तेवढा जोर लावला.

चेंडू तिसऱ्या झेंड्यापलीकडे गेला.

"बस, हाच!" धीरज नाचलाच. "साहेब, हाच तुमचा स्विंग. कमरेला धक्काच नाही."

साहेबांनी टाच उचलली, अंग फिरवलं, मारलं. चेंडू सरळ गेला. कळ आली नाही. पुन्हा मारलं. पुन्हा सरळ.

साहेब हसताना पाहून कोकिळाने पिशवीतला फॉर्म जाळीतून आत धरला. "करा ना आता सही."

"एवढा लांब चेंडू मारणारा माणूस दिव्यांग?" साहेब म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. आता खोटं लिहू?"

त्यांनी फॉर्म धीरजच्या पाठीवर टेकवला, 'अपात्र' लिहिलं, तारीख घातली आणि परत दिला. रविवारी सही होत नाही. नकार होतो.

जामसिंग चेंडू मारल्यापासून तसाच वाकलेला होता. दोन्ही हात काठीवर, कपाळावर घाम. धीरजने काठी मागितली तेव्हा त्याने मान हलवली. काठी सोडली असती तर तो तिथंच आडवा झाला असता.

साहेबांनी आपली काठी उचलली आणि पुढचा चेंडू ठेवला.

"डोळ्यांनी पाहिलं ना तुम्ही?" कोकिळाने जाळी दोन्ही हातांनी गच्च धरली. "मग आताबी पाहा. हा माणूस सरळ उभा राहत नही. मंगळवारी मी याले ट्रकवर कशी चढवू? तिकडं काय पाहता? इकडं पाहा, साहेब. बोला!"