लाल फडक्यातली माती

गेंगची लेक नांदायला समुद्रकाठच्या गावी निघाली, तेव्हा त्याच्या वहिनीने चीनमधल्या त्यांच्या कशान भागाच्या रिवाजाप्रमाणे अंगणातली माती लाल फडक्यात बांधली. सासरी पोचल्यावर चिमूटभर पाण्यातून प्यायची, म्हणजे परकं पाणी बाधत नाही. गेंगने पुरचुंडी हिसकावली. “वहिनी, याच मातीने हिची आई खाल्ली.” “भावजी, डॉक्टर काय आला, आपली माती लगेच नासली?” डॉक्टर म्हणाला होता, की इथल्या जमिनीत सेलेनियम नाही, म्हणून मक्यात नाही, म्हणून बायकामुलांचं काळीज थकतं. सेलेनियमच्या गोळ्या गावात येण्याआधीच्या हिवाळ्यात गेंगची बायको गेली. त्या गोळ्यांवरच लेक तगली. गाठ सोडून तो माती टाकायला निघाला. लेकीने हात धरला. “बाबा, आईला याच मातीत ठेवलंय ना?” तो थबकला. मग पुन्हा गाठ मारून त्याने पुरचुंडी तिच्या पेटीत ठेवली. “जवळ असू दे. फक्त पिऊ नकोस.”